पकडीची किंमत कोण मोजतो?

गो-कार्टचा जन्म बर्फापासून फार लांब झाला. 1956 साली कॅलिफोर्नियात, ग्लेनडेल येथील कर्टिस क्राफ्ट या रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यातल्या आर्ट इंगल्स यांनी पोलादी नळ्यांची एक चौकट जोडली, गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेले छोटे इंजिन तिच्या मागे बसवले आणि पॅसाडिनाच्या रोज बोल स्टेडियमबाहेरच्या विस्तीर्ण वाहनतळावर ती पळवून दाखवली. इंजिनाच्या कामात लू बोरेली हे त्यांचे साथीदार होते. त्या रचनेत हिवाळ्याचा विचार कुठेच नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. चौकट जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर, सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही, चाके हातगाडीला शोभावीत एवढी लहान. 1959 मध्ये मॅक्युलॉक या करवतीची इंजिने बनवणाऱ्या कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढले, कार्ट झपाट्याने पसरली आणि वर्षाचे चार-चार महिने बर्फाखाली काढणाऱ्या मुलखांतही पोचली. तिथल्या लोकांनी हिवाळ्यात ती गोठलेल्या तळ्यांवर आणि बर्फाळ अंगणांत चालवण्यासाठी जे जे केले ते पाहण्यासारखे आहे. कोणी मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या, कोणी टायरमध्ये स्क्रू बसवले, कोणी पावसाळी शर्यतीचे मऊ, खाचांचे टायर चढवले, कोणी पुढची चाके काढून तिथे स्की लावल्या. बर्फावर चाक कसे टिकवावे या प्रश्नाशी मोठ्या गाड्यांनी विसाव्या शतकात जी झुंज दिली, तिच्यातले सगळे डाव या चिमुकल्या गाडीवर पुन्हा खेळले गेले. या झुंजीचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझे म्हणणे असे, की तो मुख्यतः हिशेबाचा इतिहास आहे. बर्फावर पकड फुकट मिळत नाही, तिची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि शंभर वर्षांत ती मोजणारा माणूस अनेकदा बदलला.

हे समजून घ्यायला कार्टच सोयीची आहे, कारण तिच्यात लपवायला काही नाही. चालकासह कार्टचे वजन 160 किलो धरू. त्यातला साठ टक्के भार मागच्या चाकांवर येतो, म्हणजे सुमारे 96 किलो. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक 0.8 च्या आसपास असतो, दाबलेल्या बर्फावर तो 0.2 ते 0.3 वर येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या पृष्ठावर 0.1 किंवा त्याहूनही कमी भरतो. गुणाकार केला तर डांबरावर ही गाडी सुमारे 77 किलोच्या जोराने स्वतःला पुढे ढकलू शकते आणि गोठलेल्या तळ्यावर दहा किलोच्याही आत. इंजिन दुप्पट केले, चौपट केले, तरी हा दहाचा आकडा हलत नाही. उलट चाक जागच्या जागी फिरू लागले की घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा वरचा थर वितळतो, पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि होती ती पकडही जाते. कार्टला एक गोष्ट मात्र लाभाची ठरते. तिचा मागचा आस अखंड असल्यामुळे दोन्ही चाके एकत्र फिरतात. साध्या मोटारीत डिफरन्शियलमुळे एक चाक बर्फावर गरगरत राहते आणि दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही निकामी होते, तसे इथे होत नाही. पण हाच अखंड आस वळणावर नडतो. डांबरावर वळताना कार्टचे आतले मागचे चाक किंचित उचलले जाते म्हणून ती वळते. बर्फावर ते चाक उचलण्याइतकी पकड पुढच्या चाकांना मिळत नाही आणि सुकाणू फिरवलेले असतानाही गाडी सरळ जात राहते. तेव्हा हिवाळ्यात वाढवायची ती चाक आणि जमीन यांच्यामधली पकड. ती वाढवण्याचे मार्ग थोडेच आहेत: जमिनीत रुतणे, भार पसरवणे, टोचणे आणि चिकटणे.

रुतण्याचा मार्ग सगळ्यात जुना. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड यांना 1904 च्या ऑगस्टमध्ये टायरवर चढवायच्या साखळीचे पेटंट मिळाले. त्याआधी चिखलात किंवा बर्फात अडकलेले चालक चाकांभोवती दोरखंड गुंडाळत. वीड यांनी त्याच युक्तीला लोखंडाचे रूप दिले आणि ते काढता-घालता येईल अशी सोय केली. साखळीचे आडवे दुवे टायरखाली येतात तेव्हा गाडीचा सगळा भार त्या अरुंद रेषांवर एकवटतो आणि दुवा बर्फात शिरतो. याहून साधे आणि खात्रीचे साधन आजही निघालेले नाही. पण साखळीचा एक गुण तांत्रिक पुस्तकांत दोष म्हणून नोंदला जातो, आणि मला तोच तिचा सर्वात मोठा गुण वाटतो. तिची किंमत चालकालाच, आणि ताबडतोब मोजावी लागते. बर्फात गुडघे टेकून, बधिर बोटांनी ती चढवावी लागते. ती घालून वेगाने जाता येत नाही, कारण हादऱ्यांनी गाडी खिळखिळी होते. कोरड्या रस्त्यावर ती काढली नाही तर डांबर खरवडतेच, पण त्याआधी स्वतः तुटते आणि तुटलेला दुवा गाडीच्याच अंगावर आपटतो. म्हणून साखळीचा गैरवापर फारसा होत नाही. जिथे गरज संपते तिथे चालक आपणहून ती उतरवतो, त्याला पोलिसाने सांगावे लागत नाही.

भार पसरवण्याचा मार्ग राजवाड्यातून आला. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याचे तांत्रिक प्रमुख अडॉल्फ केग्रेस हे फ्रेंच गृहस्थ होते. त्यांनी मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टा बसवला आणि पुढे स्की जोडता येतील अशी सोय केली. क्रांतीनंतर झार गेला, केग्रेस फ्रान्सला परतले, पण त्यांच्या पट्ट्यांवर चालणारी रोल्स-रॉईस लेनिनच्या वापरात राहिली आणि ती आजही मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये येथील संग्रहालयात आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएनने केग्रेसचा पट्टा उचलला, त्या गाड्यांनी 1922-23 च्या हिवाळ्यात सहारा ओलांडले आणि 1931 मध्ये त्यांच्यातल्या दोन श्रीनगरहून हिमालयाच्या खिंडी पार करून गिलगिटला पोचल्या. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइट या फोर्ड विक्रेत्याने 1917 मध्ये पेटंट घेऊन पुढे मॉडेल टी गाडीला स्की आणि पट्टे जोडण्याचा संच विकायला काढला. तो घेणारे बहुतेक जण खेड्यातले डॉक्टर आणि टपालवाले होते. यावरून हिवाळ्यातली पकड तेव्हा कोणाची गरज होती हे कळते.

या मार्गावरचा सर्वात महत्त्वाचा माणूस मात्र क्वेबेकचा. वालकूर गावातल्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात वारला. त्याला इस्पितळात न्यायला हवे होते, रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते आणि त्या बर्फावरून जाईल असे वाहन घरात तयार नव्हते. बोंबार्दिए त्याआधीही बर्फावरच्या वाहनाचे प्रयोग करत होते. 1937 मध्ये त्यांना दात्यांच्या चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचे पेटंट मिळाले आणि सात माणसांना नेणारी त्यांची बर्फगाडी डॉक्टर, पाद्री, शाळा, टपाल यांच्या कामी आली. पुढे जे झाले त्यात सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. 1948 मध्ये क्वेबेक सरकारने हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि बोंबार्दिए यांच्या गाड्यांची विक्री एकदम घसरली. यंत्रात काही खोट आली नव्हती. पकडीची किंमत तोवर प्रत्येक कुटुंब आपापल्या वाहनात मोजत होते, ती आता सरकार करातून मोजू लागले, एवढाच बदल होता. ज्याला बर्फगाडी परवडत नव्हती त्याच्या मुलालाही आता इस्पितळ गाठता येणार होते. बोंबार्दिए वेगळ्या यंत्रांकडे वळले, आणि 1959 मध्ये आलेली त्यांची स्की-डू ही छोटी बर्फगाडी बहुतांशी करमणुकीसाठी विकली गेली. माझ्या मते या सबंध कथेतला हा सर्वात न्याय्य क्षण आहे. किंमत उघडपणे, कायदा करून, सर्वांनी मिळून उचलली.

पण मोकळ्या केलेल्या रस्त्याने नवा पेच आणला. फिनलंडच्या सुओमेन गुम्मितेहदास या कारखान्याने 1934 मध्ये मालमोटारींसाठी आणि 1936 मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर काढला होता. त्या टायरच्या पाठीवर जाड, आडव्या खुरांसारख्या उंचवट्यांची रांग होती आणि ते उंचवटे भुसभुशीत बर्फ खणत पुढे जात. बर्फ हटवणारा नांगर फिरू लागला की भुसभुशीत थर निघून जातो आणि खाली उरतो तो दाबून, वितळून, पुन्हा गोठून काचेसारखा झालेला पृष्ठभाग. त्यावर खणायला काही नसते, उंचवटे नुसते घसरतात. म्हणून टोचण्याचा मार्ग पुढे आला. टंग्स्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाची बारीक टोके धातूच्या वेष्टनात बसवून ती रबरात रोवायची, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती गोठलेल्या पृष्ठात शिरतील. 1961 मध्ये त्याच फिनिश कारखान्याने हाक्कापेलिता या मालिकेत खिळ्यांचा टायर आणला, आणि त्याच दशकात असे टायर उत्तर युरोप, जर्मनी, कॅनडा, अमेरिका, जपान इथे पसरले. साखळीच्या तुलनेत सोय अपार होती. शरद ऋतूत एकदा टायर बदलले की वसंतापर्यंत विचार करायला नको. गुडघे टेकणे नाही, बोटे गोठणे नाही, वेग कमी करणे नाही. चालकाच्या डोक्यावरचे ओझे पूर्ण उतरले. ते कोणाच्या डोक्यावर गेले हे कळायला काही वर्षे लागली.

ओझे गेले होते रस्त्यावर. साधा हिशेब करू. मोटारीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका किलोमीटरला तो पाचशे वेळा फिरतो. टायरमध्ये शंभर खिळे धरले तर एका टायरचे एका किलोमीटरमध्ये पन्नास हजार घाव होतात आणि चार टायरांचे मिळून दोन लाख. दिवसाला दहा हजार मोटारी जाणाऱ्या रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरवर दोनशे कोटी घाव पडतात. बर्फ असेल तेव्हा ते बर्फ सोसतो. पण मोकळ्या केलेल्या रस्त्यावर हिवाळ्यातल्या बऱ्याच दिवशी बर्फ नसतोच, आणि मग टंग्स्टन कार्बाइडचे टोक थेट डांबरावर आणि त्यातल्या खडीवर आदळते. रस्त्यांवर चाकोऱ्या पडू लागल्या, त्यांत पाणी साचू लागले, पांढरे पट्टे पुसले जाऊ लागले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने खिळ्यांना दिलेली परवानगी 1971 मध्ये संपू दिली. मिनेसोटा हे कडाक्याच्या थंडीचे राज्य आहे, तेव्हा खिळ्यांचा उपयोग त्याला कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. जर्मनीने 1975 मध्ये बंदी घातली. या निर्णयांमागे मुख्यतः रस्तादुरुस्तीच्या खर्चाचा विचार होता. खिळे माणसाच्या छातीपर्यंत पोचतात ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आली ती जपानमध्ये.

ईशान्य जपानमधल्या मियागी प्रांताचे मुख्य शहर सेंदाई. तिथे थंडी कडक असते, पण जपान समुद्राकडच्या बाजूला पडतो तसा धो-धो बर्फ तिथे पडत नाही. शहरातले रस्ते हिवाळ्यातही बराच काळ कोरडे असतात. तरीही सकाळी कुठेतरी रस्ता गोठलेला असेल, सुट्टीत डोंगरात जायचे असेल, म्हणून 1970 नंतरच्या वर्षांत जवळजवळ प्रत्येकाने खिळ्यांचे टायर घेतले. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. स्वतःच्या लेकराबाळांना गाडीत बसवणारा माणूस सुरक्षित टायर घेईल नाहीतर काय घेईल? पण लाखो समंजस निर्णयांची बेरीज भयानक निघाली. हिवाळ्याच्या दिवसांत डांबर आणि खडी यांची भुकटी सतत हवेत तरंगत राहिली. मोठ्या रस्त्यांच्या कडेला धुतलेले कपडे बाहेर वाळत घालण्याची सोय उरली नाही, दुकानांतल्या मालावर करडा थर बसू लागला, पादचारी तोंडाला मास्क बांधून चालू लागले. लोक शहराला सेंदाईचे वाळवंट म्हणू लागले. ज्याच्याकडे मोटार नव्हती, जो बसथांब्यावर उभा राहायचा, ज्याचे घर हमरस्त्यावर होते, त्याने कोणाच्याही टायरचा लाभ घेतला नव्हता आणि सगळ्यांच्या टायरची किंमत मात्र तोच श्वासातून मोजत होता. ही धूळ आकाशातून पडत नव्हती, कारखान्याच्या एखाद्या धुराड्यातूनही येत नव्हती. ती नागरिकांच्याच गाड्यांखालून उठत होती, आणि म्हणून तिच्याविरुद्ध लढणे अवघड होते. शत्रू म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे?

इथे जपानी नागरिकांनी जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मियागी प्रांताने 1985 मध्ये खिळ्यांच्या टायरांना आवर घालणारा नियम केला, देशातला असा पहिलाच. पण नुसत्या प्रांतिक नियमाने भागणार नव्हते. नागानो प्रांतातल्या वकिलांनी प्रदूषणाच्या तंट्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय समितीपुढे थेट टायर बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दाद मागितली. म्हणजे प्रश्न चालकाच्या सद्सद्विवेकावर न सोडता त्यांनी तो मालाच्या उगमापाशी नेला. 1988 मध्ये तडजोड झाली. सात टायर कंपन्यांनी 1990 च्या अखेरीस खिळ्यांच्या टायरांचे उत्पादन आणि 1991 च्या मार्चअखेर विक्री थांबवण्याचे मान्य केले. जून 1990 मध्ये संसदेने कायदाच केला, ठरवून दिलेल्या भागांत एप्रिल 1991 पासून बर्फ नसलेल्या रस्त्यावर खिळे वापरायला मनाई आली आणि एप्रिल 1992 पासून दंड सुरू झाला. अग्निशमनाच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि अपंग चालकांच्या गाड्या यांना मात्र त्यातून सूट होती. ती सूट मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. पकडीची निकड कोणाची खरी आहे आणि कोणाची नुसती सोयीची, याचा विचार करून रेघ ओढली गेली.

याला पहिला आक्षेप जपानमधूनच आला आणि तो गंभीर आहे. खिळे गेल्यावर उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, विशेषतः साप्पोरो शहरात, रस्ते पूर्वी कधी नव्हते इतके गुळगुळीत होऊ लागले. खिळे बर्फाचा पृष्ठ सतत खरवडत असत. आता मऊ रबराची चाके चौकाचौकात थांबताना आणि निघताना तोच पृष्ठ घासून आरशासारखा करू लागली. त्यावर पादचारी घसरून पडू लागले, म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडू लागली. म्हणजे बंदीने किंमत रद्द केली नाही, ती छातीवरून हाडांवर नेली, असे कोणी म्हणेल. हे नाकारून चालणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, गुळगुळीत चौकावर उपाय करता येतो. वाळू, खडीचा चुरा, बर्फ वितळवणारी रसायने, काही उतारांवर जमिनीखालून उष्णता देणे हे सारे साप्पोरोने केले आणि त्याचा खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात लिहिला गेला. फुप्फुसात गेलेली भुकटी परत काढण्याचा असा उपाय नाही. दुसरी गोष्ट, घसरण डोळ्यांना दिसते, तिची तक्रार होते, ती मोजली जाते. धुळीचा त्रास अनेक वर्षे पसरत जातो आणि तो कोणाच्या नावावर मांडायचा हे ठरत नाही. जी किंमत दिसते तिच्यावर समाज वाद घालू शकतो, म्हणून ती मला कमी घातक वाटते.

दुसरा आक्षेप उत्तर युरोपातून येतो. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे खिळ्यांचे टायर आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. हिवाळ्याशी पिढ्यान्पिढ्या जगणारी ही माणसे अडाणी आहेत काय? मुळीच नाहीत. शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा गोठलेल्या पृष्ठावर पाण्याचा थर असतो, तेव्हा खिळ्यांना आजही तोड नाही. तसे दिवस तिथे पुष्कळ येतात, रस्ते लांब आणि निर्जन आहेत, आणि खिळ्यांच्या गाड्या पृष्ठ खरखरीत ठेवतात त्याचा फायदा बिनखिळ्यांच्या गाड्यांनाही मिळतो. पण त्या देशांनीही हिशेब मांडलेला आहे. 2013 पासून तिथल्या नियमांप्रमाणे टायरच्या घेराच्या दर मीटरला पन्नासपेक्षा अधिक खिळे बसवायचे तर रस्त्याची झीज मर्यादेत राहते हे चाचणीने सिद्ध करावे लागते. नॉर्वेतल्या ऑस्लोसारख्या शहरात खिळ्यांच्या टायरसाठी शुल्क भरावे लागते. स्टॉकहोममध्ये हॉर्न्सगातान या गजबजलेल्या रस्त्यावर 2010 पासून असे टायर लावलेल्या मोटारींना मज्जाव आहे, कारण उंच इमारतींच्या मधली तिथली हवा धुळीने भरत होती. एकाच देशात एका रस्त्यावर परवानगी आणि दुसऱ्यावर बंदी, यात विसंगती नाही. रानातल्या रस्त्यावरची धूळ आणि दाट वस्तीतली धूळ यांची किंमत वेगळी आहे, आणि ती वेगळी धरणे हाच शहाणपणा आहे. उत्तर युरोपचे उदाहरण त्यामुळे माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला आधार देते.

चिकटण्याचा मार्ग सर्वात उशिरा आला, कारण तो रसायनशास्त्राची वाट पाहत होता. उन्हाळी टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते आणि पृष्ठाच्या बारीक उंचसखलपणात शिरेनासे होते. थंडीतही मऊ राहील असे मिश्रण करायचे, पाठीवर शेकडो बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे त्या चिरांच्या कडा पृष्ठाला धरतात आणि त्यांत अडकलेला बर्फ बाहेरच्या बर्फाला धरतो. ब्रिजस्टोनने 1988 मध्ये जपानमध्ये आणलेल्या ब्लिझॅक टायरच्या रबरात अतिसूक्ष्म बुडबुडे होते. पृष्ठावरचा पाण्याचा पापुद्रा ते शोषून घेत आणि रबर कोरड्या बर्फाला भिडे. त्याच वर्षी तंटा मिटला हे लक्षात घेतले तर बंदीचा धाक आणि संशोधनाचा वेग यांचे नाते दिसते. अशा टायरची किंमत पुन्हा चालकाकडे आली: दोन संच घ्यायचे, ऋतूप्रमाणे बदलायचे, आणि उन्हाळ्यात चालवले तर मऊ रबर लवकर झिजते हे सोसायचे. गरिबाला दोन संच परवडत नाहीत, हा आक्षेप इथे रास्त आहे. क्वेबेकने 2008 मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले तेव्हा हा भार घराघरांवर पडला. पण दोन संच वापरले की प्रत्येक संच अर्धाच काळ झिजतो, तेव्हा खर्च वाटतो तेवढा दुप्पट होत नाही. आणि जो काही उरतो तो निदान लाभ घेणाऱ्याच्याच खिशातून जातो.

आता या इतिहासाच्या उजेडात कार्टकडे पाहिले तर काय करावे याचे उत्तर यंत्रापेक्षा जागेवर अवलंबून आहे हे स्पष्ट होते. गोठलेल्या तळ्यावरची आखून दिलेली शर्यत असेल तर टायरमध्ये स्क्रू किंवा खिळे बसवणे पूर्ण योग्य आहे. वसंतात तळे वितळते, झीज कोणाच्याही वाट्याला येत नाही, धूळ उडत नाही. एवढेच पाहायचे की कार्टचा टायर पातळ असतो, लांब स्क्रू आत हवेपर्यंत पोचेल, आणि उघड्या चाकातल्या टोकांपासून दुसऱ्या चालकाला जपायला चाकांभोवती आडोसा हवा. मऊ बर्फाच्या अंगणात साखळी चालेल, मात्र चौकट आणि टायर यांच्यात तिला फिरायला जागा आहे की नाही हे आधी हाताने चाक फिरवून बघावे. वळण घ्यायचे तर सारी पकड मागे देऊन भागत नाही. पुढच्या चाकांनाही काही धरायला हवे, म्हणून टोचणारे टायर चारही चाकांना लागतात किंवा पुढे स्की लावावी लागते. आणि जिथे खाली डांबर किंवा फरसबंदी आहे, जिथे बर्फ सकाळी असतो आणि दुपारी नसतो, तिथे मऊ खाचांचा पावसाळी टायर, हवेचा थोडा कमी दाब आणि हलका पाय यांवरच थांबावे. तिथे खिळे लावू नयेत.

आपल्याकडे हा विषय परका वाटेल, पण मराठी प्रवाशांच्या बसगाड्या आणि टॅक्सी दर हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलकडे जातात. गुलमर्गला जाताना तंगमर्गपाशी बर्फाच्या दिवसांत साध्या गाड्यांना साखळ्या चढवल्याशिवाय वर सोडत नाहीत. तिथला चालक बर्फात बसून साखळी आवळत असताना गाडीतून हाका मारून त्याला घाई करणारे प्रवासी पुष्कळ असतात, आणि उतरताना रस्ता मोकळा झाल्यावर ती काढायला थांबला तर वेळ जातो म्हणून कुरकुरणारेही. ती दहा-पंधरा मिनिटे म्हणजे आपल्या पकडीची आपण मोजत असलेली किंमत आहे. ती आपण दिली नाही तर चालकाला, रस्त्याला किंवा त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला द्यावी लागेल. चालकाला त्याचे काम निवांत करू द्यावे, साखळी वर चढवतानाही आणि खाली उतरवतानाही.